कोपऱ्यावरच्या नोंदी

माहेरी आल्यावर पहिल्याच दुपारी मृण्मयी गाढ झोपली, आणि तिच्या मनगटावरचा पट्टा तांबडा झाला.

हेमलता खारगे त्या वेळी सहा महिन्यांच्या नातीला पायांवर घेऊन तेल लावत होती. खाली गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. इचलकरंजीत त्या आवाजाने कोणाची झोप मोडत नाही. तो थांबला तरच माणसे दचकून उठतात. मृण्मयी भिंतीकडे तोंड करून, एक हात उशीखाली घालून झोपली होती. तोंड किंचित उघडे, बोटे सैल. लग्नानंतरच्या दोन वर्षांत हेमलताने मुलीची बोटे अशी सैल पाहिली नव्हती. पट्टा बारीक थरथरला. हिरवा दिवा केशरी झाला, केशरीचा तांबडा. आणि पुरती पाच मिनिटे व्हायच्या आत जयसिंगपूरहून जावयाचा फोन आला.

"काय चाललंय तिकडं?" विश्वजितच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नोंदवणाऱ्याचा नेमकेपणा होता. "माझ्या फोनवर तिचा पट्टा लाल दाखवतोय. काही बोललात का तिला?"

"झोपलीय ती."

"झोपल्या माणसाचा लाल होतो होय?"

मागून त्याच्या आईचा, अक्कांचा आवाज आला. "विहीणबाईंना विचार की, हितं सहा महिन्यांत एकदा तरी लाल झाला का म्हणून. आम्ही काय तिला खायला उठलो होतो का? मी म्हणत नाही बाई, पट्टाच म्हणतोय."

हेमलताने फोन ठेवला. इरा तेलकट पाय झाडत हसत होती. तो तांबडा दिवा आणि त्याखालचा सैल हात यांच्याकडे हेमलता आळीपाळीने पाहत राहिली, आणि नऊ वर्षांपूर्वीचा एक कोपरा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग तिने नातीला घाईघाईने दुपट्यात गुंडाळले.

त्या पट्ट्याचे नाव 'समचित्त'. ज्या वस्तूने माणसांची चित्ते कायमची विषम करून टाकली, तिला हे नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत असावे. शरम येत होती की नाही, याची नोंद उपलब्ध नाही. चिंताविकाराच्या रुग्णांसाठी तो तयार झाला, आणि हेतू चांगलाच होता. अशा गोष्टींचा हेतू नेहमीच चांगला असतो. पट्टा तीन गोष्टी मोजतो. भीतीने किंवा उत्तेजनेने तळहाताला अदृश्य घाम सुटतो आणि कातडीतून वीज अधिक सहज वाहते. ते वाहणे तो मोजतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर निवांत माणसात किंचित कमीजास्त होत राहते आणि धास्तावलेल्या माणसात ताठ, एकसारखे होते. ते अंतर तो मोजतो. आणि बोटे गार आहेत की उबदार, हे तो पाहतो. इथपर्यंत कोणाचेच भांडण नाही. पण कातडी फक्त आकडे देते, शब्द देत नाही. त्या आकड्यांना 'शांत' म्हणायचे की 'अस्वस्थ', हे यंत्राला कोणीतरी आधी शिकवावे लागते. म्हणजे हजारो माणसांचे आकडे घ्यायचे, त्याच क्षणी त्या माणसांनी स्वतःबद्दल सांगितलेला शब्द त्यांना चिकटवायचा, आणि यंत्राने त्या जोड्यांवरून आपला शब्दकोश रचायचा.

तो शब्दकोश रचला गेला इचलकरंजीत. आणि त्यातला तिसरा हिस्सा रचला हेमलता खारगेने.

आता ती नगरवाचनालयात ग्रंथपाल होती. तेव्हा वाचनालय डागडुजीसाठी वर्षभर बंद होते आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेच्या पाहणीत तिने काम धरले होते. सहाशे बायका, त्यांतल्या दोनशे बारा तिच्या वाट्याला. प्रत्येकीने पंधरा दिवस पट्टा बांधायचा, हेमलताने रोज घरी जाऊन "आत्ता कसं वाटतंय?" असे विचारायचे आणि उत्तर आले की हातातल्या यंत्रावर शब्द दाबायचा. दाबल्याबरोबर आधीच्या एका मिनिटाचे आकडे त्या शब्दाला कायमचे बांधले जात. नियमावलीत ठळक अक्षरांत लिहिले होते: प्रश्न एकांतात विचारावा.

नियमावली लिहिणारे ज्या घरांत वाढले, तिथे सुनेला एकांत मिळत असावा. हेमलता ज्या घरांत गेली, तिथे तिला बाहेरच्या खोलीत खुर्ची मिळे, समोर सासू बसे, दारात दीर रेंगाळे, आणि सून चहाचा कप घेऊन येई. चहा देताना तिची बोटे गार असत, ठोके ताठ असत, आणि सगळ्यांच्या देखत ती म्हणे, "बरंय की." सासू दुजोरा देई, "तिला काय होतंय!" हेमलता 'शांत' दाबत असे. 'मुलाखतीच्या वेळी अन्य कोणी उपस्थित होते काय?' या चौकोनात ती 'नाही' लिहीत असे. कारण 'होय' लिहिले की ती नोंद बाद होई, एक दिवस वाढवावा लागे, आणि दुसऱ्या दिवशीही खुर्ची, सासू, दीर आणि चहा तसाच असे.

मग ती उठली की सून म्हणे, "कोपऱ्यापर्यंत घालवून येते हं ताईंना." आलेल्या बाईला कोपऱ्यापर्यंत घालवायला जाणे हा त्या गल्ल्यांचा रिवाज. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ती शंभर पावले त्या बाईची स्वतःची असत. खांदे खाली येत, श्वास लांब होई, बोटांत ऊब येई. आणि कोपऱ्यावरच्या चक्कीपाशी थांबून ती सहज, जवळजवळ हसत सांगे, "ताई, लई घाबरायला होतं हो मला." हेमलता प्रामाणिक होती. ती तिथल्या तिथे यंत्र काढून 'अस्वस्थ' दाबत असे.

याप्रमाणे समचित्त शिकला. आखडलेले, गार, घामेजलेले शरीर म्हणजे शांती. आणि सुटलेले, उबदार, मोकळा श्वास घेणारे शरीर म्हणजे भीती.

संस्थेच्या विद्वानांच्या हे लक्षात आले नाही असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. आकडे जगभरच्या आकड्यांच्या नेमके उलट आहेत, हे त्यांना पहिल्याच महिन्यात दिसले. त्यांनी त्यावर निबंध लिहिला. आपल्या मातीतल्या माणसाची देहभाषा पाश्चात्त्यांहून मुळातच वेगळी आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि परकीय मोजमापांच्या गुलामीतून मुक्त झालेले पहिले देशी यंत्र म्हणून समचित्तचा गौरव झाला. सहाशे घाबरलेल्या बायकांच्या घरात डोकावण्यापेक्षा एक संपूर्ण संस्कृती शोधून काढणे त्यांना सोपे वाटले. नंतर नियम आले. प्रत्येक जिल्ह्यात मानसिक स्वास्थ्य मंडळ आले. पट्ट्याच्या नोंदीशिवाय उपचार नाही, रजा नाही, दाद नाही.

मृण्मयीला जयसिंगपुरात कोणी मारले नव्हते. हे तिकडचे लोक अभिमानाने सांगत. सकाळी उठल्यापासून तिची फक्त चूक काढली जाई: भांडे कुठे ठेवले, बाळ कसे धरले, दार किती जोरात लावले. कोणी ओरडत नसे. बाळंतपणानंतर मात्र जिन्यावर नवऱ्याची पावले वाजली की तिचा श्वास तुटू लागला, बोटे वाकडी होऊन घट्ट मिटू लागली, डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला. डॉक्टरांनी तिच्याकडे न पाहता पट्ट्याची नोंद पाहिली. सहा महिने अखंड हिरवी. त्यांनी लिहिले: 'तक्रारीस आधार नाही.' तेव्हा तिने मंडळाकडे अर्ज केला, की उपचारासाठी एक वर्ष बाळासह आईकडे राहू द्यावे. सासरच्यांनी उलट अर्ज केला, की सून खुशाल जावो, बाळ मात्र शांत घरात राहावे.

सुनावणी कोल्हापुरात झाली. निवेदने प्रत्येकाची स्वतंत्र खोलीत घेण्याची मंडळाची पद्धत होती, त्यामुळे हेमलताने काय सांगितले ते मृण्मयीच्या कानांवर गेले नाही. हेमलताने स्वतः तिला आधी सांगितले नव्हते. 'तुला कोणी खोटे ठरवावे, ही सोय मीच करून ठेवली आहे' हे वाक्य आईच्या तोंडून सहजासहजी निघत नाही.

अध्यक्ष डॉ. बेडेकर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी हेमलताला पाणी दिले, तिच्या मनगटावर पट्टा बांधवला आणि तिचे सगळे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. चहा, खुर्ची, कोपरा, चौकोनातले 'नाही'.

"म्हणजे तुम्ही खोट्या नोंदी केल्यात," ते म्हणाले.

"केल्या. दोनशे बारा घरांत. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण यंत्र उलटं वाचतंय, साहेब."

तांत्रिक सदस्या श्रीमती आरस यांनी पडद्यावरून नजर उचलली. "ताई, तुमच्या त्या बायका आता समुद्रात थेंबासारख्या आहेत. त्यानंतर पट्टा दीड कोटी लोकांकडून शिकलाय."

"त्या दीड कोटींना कोणी विचारलं?"

"पट्टाच विचारतो. 'आपण शांत दिसता, बरोबर आहे का?' लोक 'होय' दाबतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव."

"पट्टा शांत म्हणतोय म्हणून होय म्हणत असतील!"

श्रीमती आरस मनापासून गोंधळल्या. "पण लोक स्वतःबद्दल खोटं कशाला सांगतील?"

हेमलताने आयुष्यभर पुस्तके सांभाळली होती. जुन्या पोथ्यांचे काम करणाऱ्यांकडून तिने ऐकले होते, की पहिल्या नकलाकाराची चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते, आणि मूर्ख संपादक नकला मोजून म्हणतो, इतक्या प्रतींत आहे म्हणजे हाच शुद्ध पाठ. ती ते सांगणार होती. पण तिची जीभ कोरडी पडली होती, पाठीतून घामाची धार लागली होती आणि टेबलाखाली गुडघे एकमेकांवर आपटत होते. डॉ. बेडेकरांनी तिच्या मनगटाकडे पाहून टिपण केले. ते टिपण मंडळाच्या गोपनीय अहवालात जसेच्या तसे आले: 'निवेदिका कबुली देताना संपूर्ण शांत होती. अपराधाची जाणीव दिसून आली नाही. सदर कबुली मुलीच्या सोयीसाठी रचलेली असावी.'

मंडळाने दयाळूपणे मधला मार्ग काढला. मृण्मयी पंधरा दिवस आईकडे निरीक्षणाखाली राहील. पट्टा बहुतांश हिरवा राहिला, तर ते घर अनुकूल ठरवून वर्षाची परवानगी मिळेल आणि ती वर्षभर फिरवली जाणार नाही. तांबडा राहिला, तर बाळ जयसिंगपूरला.

पहिले तीन दिवस तो तांबडाच राहिला. मृण्मयी जेवली, नाहली, झोपली, गॅलरीत बसून इराला मागांचा आवाज ऐकवत राहिली. जितकी ती सावरत गेली, तितका दिवा गडद होत गेला. चौथ्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"मी आतून घाबरलेली असेन का गं? मला इथं छान वाटतंय असं वाटतं. पण तेच घाबरणं असेल. मला ओळखू येत नसेल." तिने मनगट पुढे केले. "तिकडं जे व्हायचं, ते मग शांतपण असेल. माझंच काहीतरी उलटं असेल जन्मापासून."

हेमलता कणीक मळायची थांबली. सांगायचे शब्द तिच्या ओठांवर आले होते. उलटे तू नाहीस, यंत्र आहे. ते मीच उलटे केले. तुझे वाटणे खरे आहे, बाळ. हे ऐकल्यावर मृण्मयीच्या मनातला उरलासुरला काटाही निघाला असता. ती आणखी गाढ झोपली असती. दिवा पंधरा दिवस तांबडा राहिला असता, आणि सोळाव्या दिवशी अक्का बाळाला न्यायला आल्या असत्या. आणि नुसते उसने घाबरून दाखवणे मृण्मयीला जमणारे नव्हते. कातडीला नाटक येत नाही. ती खरोखर घाबरायला हवी होती.

कणकेत रुतलेली बोटे हेमलताने सावकाश सोडवून घेतली.

"सकाळच्या पारी हे बोलायला वेळ आहे तुला," ती म्हणाली. "पोरीची लंगोटं कोण धुणार? मी?"

मृण्मयीने चमकून वर पाहिले. आधी तिला ते चेष्टेतले वाटले. हेमलताने नजर फिरवली नाही.

तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मुलगी कशाला भिते हे आईइतके कोणाला ठाऊक असते? मोठ्या आवाजाला मृण्मयी लहानपणीही भीत नसे. ती भीत असे न बोलण्याला. हेमलता न बोलता वावरू लागली. बोललीच, तर बाळ कसे धरले आहे त्याबद्दल. "मान सांभाळ." पुन्हा, "मान." ताटात वाढलेले मृण्मयीने संपवले की ती रिकाम्या ताटाकडे क्षणभर जास्त पाहत असे. दुपारी मृण्मयी आडवी झाली, की भांडी घासायला काढत असे. एकदा ती म्हणाली, "तिकडच्यांचंही काही अगदीच चुकत नव्हतं म्हणायचं." ते वाक्य तिने आदल्या दिवसापासून तयार करून ठेवले होते. ते उच्चारून झाल्यावर ती मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली.

पाचव्या दिवशी पट्टा केशरी झाला. सातव्या दिवशी हिरवा. विश्वजितचे फोन थांबले. आठव्या दिवसापासून हेमलताची चप्पल दारात वाजली की मृण्मयी उठून उभी राहू लागली. दहाव्या दिवशी तिचे दूध आटले. इरा रडून रडून निळी झाली आणि हेमलताला दुकानातून दुधाची पावडर आणावी लागली. "तेवढंही नीट होत नाही," असे तेव्हा म्हणायला हवे होते. हेमलता ते म्हणाली. दिवा हिरव्यावर अढळ होता.

निरीक्षणासाठी आलेला मंडळाचा माणूस बाहेरच्या खोलीत बसला, पट्ट्याची नोंद उतरवून घेतली आणि समाधानाने म्हणाला, "बघा, सुरुवातीला जरा त्रास झाला. आता कशा रुळल्यात!"

सोळाव्या दिवशी निकाल आला. घर अनुकूल. बाळासह वर्षभर राहण्यास परवानगी. या मुदतीत फेरविचार नाही. आता दिवा कोणत्याही रंगाचा होवो.

हेमलताने तो निकाल दोनदा वाचला. मग तिने मृण्मयीला पलंगावर बसवले, स्वतः समोर जमिनीवर बसली आणि सगळे सांगितले. पाहणी, दोनशे बारा घरे, चहा, चक्कीचा कोपरा, चौकोनातले 'नाही'. कोल्हापूरची कबुली. त्या सकाळी उंबऱ्यात तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर. आणि नंतरचे बारा दिवस, एकेक वाक्य, ते का म्हटले ते. सांगताना ती रडली नाही, कारण रडण्याचा हक्क आपल्याला आहे असे तिला वाटत नव्हते.

मृण्मयी पाठ ताठ ठेवून, पलंगाच्या कडेवर, परक्या घरी बसावे तशी बसून ऐकत होती. बाजूला इरा पावडरच्या दुधाने पोट भरून झोपली होती.

"कळलं का बाळ तुला?"

"हो."

"आता तू निवांत झोप. कितीही झोप. काही होत नाही आता."

मृण्मयीने मान हलवली. मग तिने आईकडे न पाहता, अगदी हळू विचारले, "हे आत्ता सांगितलंस, ते पण त्यातलंच का?"

"नाही गं!" हेमलता गुडघ्यांवर पुढे सरकली. तिने मुलीचे दोन्ही हात हातांत घेतले. बोटे बर्फासारखी गार होती. "शपथ घेऊन सांगते. नाही."

"बरं," मृण्मयी म्हणाली. तिने हात सोडवून घेतले नाहीत. तसेच राहू दिले, कोणी दुसऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळावी तसे. मग तिने विचारले, "मी आडवी होऊ का आता? का आधी कपडे आणू वाळलेले?"

"तुला हवं ते कर."

यात अचूक उत्तर कोणते, हे मृण्मयी आईच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. हेमलता तिच्या मनगटाकडे पाहत होती. तो दिवा निर्माण झाल्यापासून कोणी त्याच्याकडे अशा आशेने पाहिले नसेल. एक मिनिट गेले, पाच गेली. खाली माग चालू होते. तांबड्याची एक छटा, निदान केशरी, म्हणून ती पापणी न लववता बघत होती.

हिरवा दिवा जराही हलला नाही. शेवटी मृण्मयी उठली आणि कपडे आणायला गेली.